पाणी उकळेपर्यंतचं मोठेपण

पांढुर्ण्यात मी ज्यांच्या घरी पाच वर्षं भाड्यानं राहिले, त्या गार्डसाहेबांचं वय मला आजही छातीठोकपणे सांगता येत नाही. आणि मी शिकवते काय, तर भौतिकशास्त्र! आधार कार्डावर एक वय होतं, रेल्वेच्या कागदांवर दुसरं होतं, आणि स्वतः ते तिसरंच सांगत. त्या तिसऱ्या वयाचं गणित करून द्यायची पाळी माझ्यावर आली, आणि तिथून माझ्या डोक्यात जो गुंता झाला तो पुरता सुटलेला नाही.

चौतीस वर्षं ते मालगाडीवर गार्ड होते. गाडीच्या शेपटाला जो एक लहानसा डबा असतो, त्यात एकटे बसून नागपूर ते इटारसी, इटारसी ते नागपूर. आता त्या पदाला ट्रेन मॅनेजर म्हणतात, असं मी एकदा बोलून गेले. "मॅनेज काय केलं जी म्या?" ते उखडलेच. "मांगं बसलो अन् मांगचं पाहिलं. गार्ड म्हना, नाही तं काका म्हना." मागचं पाहायची सवय अंगात अशी मुरली होती, की ऑटोत बसले तरी उलट्या तोंडाच्या सीटवर. बाजारात मागून गाय आली की आमच्या आधी त्यांना कळे, समोरच्या खड्ड्यात मात्र हमखास पाय जाई.

दुसरी सवय वेळेची. काकू भाजी आणायला निघाल्या की हे ओट्यावरून पुकारत, "दहा सत्तावीस, सुटली!" त्या परत आल्या की, "अकरा बावन्न, पोचली. पंचवीस मिनिटं लेट." काकू म्हणत, "लेट गेलं चुलीत, पिशवी धरा आधी." मलाही सोडत नसत. शाळेतून लवकर आले की फाटक उघडता उघडता ऐकू येई, "मॅडम आज बिफोर टाइम." सुरुवातीला मला याचा इतका राग यायचा, की मी मुद्दाम गल्लीच्या तोंडाशी दोन मिनिटं उभी राहून मग यायचे. तेही त्यांच्या लक्षात आलं. म्हणाले, "मॅडम, तुमी होम सिग्नलले काऊन थांबता?"

दर रविवारी सकाळी ओसरीत मी बारावीच्या मुलामुलींची शिकवणी घ्यायचे. मी छिंदवाड्यात वाढलेली, घरी मराठी, शाळेत हिंदी, त्यामुळे शिकवणं सगळं हिंदीतून. त्या दिवशी सांगत होते, की वेगानं जाणाऱ्या माणसाचा वेळ थांबलेल्या माणसापेक्षा हळू चालतो. दो जुड़वा भाई हैं, एक यानात बसून लांब गेला, दुसरा घरीच राहिला. पहिला परत येतो तेव्हा तो दुसऱ्यापेक्षा लहान असतो. मुलांनी नेहमीप्रमाणे वहीत उतरवलं आणि कुणीही काही विचारलं नाही. विचारलं ते अंगणात संत्र्याच्या रोपांना पाणी घालणाऱ्या गार्डसाहेबांनी. झारी तशीच वाहत होती.

"मॅडम, जुळेच काऊन?"

"उदाहरण आहे काका."

"उदाहरन नाही. तो मी हो."

मुलं हसली, मीही हसले. ते नाही हसले. मला तोवर ठाऊकच नव्हतं, की त्यांना जुळा भाऊ आहे.

काकूंनी सांगितलं ते दुपारी, कोथिंबीर निवडता निवडता. भाऊ सौंसरकडे, बोरगावाजवळ शेतात राहतो. संत्र्याचा बगीचा आणि थोडा कापूस. तो कधी गाव सोडून गेला नाही आणि हे कधी गावात टिकले नाहीत. जन्मात अंतर फार थोडं, पण अंतर ते अंतर. हे मोठे, तो धाकटा. दर दसऱ्याला धाकटा सोनं घेऊन मोठ्याच्या घरी यायचा, पाया पडायचा. तशीच रीत आहे आपल्याकडे, लहानानं मोठ्याच्या दारी जायचं, मोठ्यानं घरी थांबून वाट पाहायची.

"मंग माय गेली," काकू म्हणाल्या. "ती बोरगावले, अन् हे मालगाडीत. मांगून पॅसेंजर, मेल सगळ्या काढल्या अन् ह्यायची गाडी बाजूच्या लूप लाइनले टाकून देल्ली. सात तास. हे पोचले तवा सारं आटपलं होतं. दिवस बुडून राहिला होता, लोक थांबाले तयार नव्हते, म्हून धाकट्यानं अग्नी देल्ला. मोठ्यानं द्याचा असते ना, मॅडम. तं हे चार लोकांत त्याले म्हणाले, तू माहं मोठेपन चोरलं. झालं! त्या दसऱ्याले तो आला नाही. नऊ वर्षं झाले."

"मग काकांनी जायचं!" मी म्हटलं. मला असल्या गोष्टींचा मनस्वी वैताग. पाऊण-एक तासाचा तर बसचा रस्ता आहे.

"मोठा कसा जाईन सोनं घेऊन? लहान असता तं गेला असता," काकू म्हणाल्या आणि कोथिंबिरीच्या काड्या गोळा करून उठल्या.

एवढं स्पष्ट सांगूनही माझ्या डोक्यात काही शिरलं नाही. मला वाटलं, काकांना विज्ञानाची गोडी लागली. कप्पाळ माझं!

पुढच्या आठवड्यात अंगणात तीन विटांची चूल मांडली गेली. गार्डसाहेब चहाचं भांडं पाण्यानं भरायचे, चुलीवर ठेवायचे आणि समोर घड्याळ धरून बसायचे. पाणी उकळलं की ओतून द्यायचे, भांडं गार करायचे, पुन्हा भरायचे. सकाळपासून आठवं आधण ओतलेलं पाहून काकू कडाडल्या, "गॅस असून धूर काऊन करून राहिले? चहा तरी टाका एखाद्यात!"

मी विचारलं तर गंभीरपणे म्हणाले, "सुईन सांगे, पहिला बाहेर आला, तिनं चुलीवर पानी ठेवलं, पान्याले उकळी आली अन् दुसरा बाहेर आला. म्हंजे मी त्याच्याहून किती मोठा? पान्याच्या उकळीइतका. ते पाहून राहिलो."

"मग किती आलं?"

"कोरडं लाकूड असन तं अकरा मिनिटं. वलं असन तं चौदा." त्यांनी फुंकणी खाली ठेवली. "सुईन मरून गेली, लाकडाचं काई बोलली नाही. तुमी अकरा धरा."

मग त्यांनी ट्रंकेतून डायऱ्या काढल्या. चौतीस वर्षांच्या प्रत्येक गाडीची सुटायची आणि पोचायची वेळ त्यांत होती, बारीक अक्षरात, कुठेही खाडाखोड नाही. त्यांचं म्हणणं सोपं होतं. गाडीत बसून त्यांचा वेळ हळू चालला. भाऊ शेतात थांबला, त्याचा वेळ नेहमीसारखा चालला. तर आता दोघांत लहान कोण, हे मी काढून द्यावं.

मला हे आव्हान वाटलं, दुसरं काय! पेपर तपासायचे सोडून मी तीन संध्याकाळी तेच करत बसले. मालगाडीचा सरासरी वेग काय धरायचा, लूप लाइनला उभी असतानाचे तास वजा करायचे की नाही, यावरून आमची भांडणंही झाली. मी म्हणे, उभ्या गाडीत वेळ हळू जात नाही. ते म्हणत, "तुमी बसल्या का कधी? सगळ्यात हळू थितंच जाते."

शेवटी उत्तर आलं. चौतीस वर्षांत त्यांनी वाचवलेला वेळ म्हणजे, एका सेकंदाचे दहा लाख तुकडे करायचे आणि त्यातल्या एका तुकड्याचा साधारण पाव भाग घ्यायचा.

मला वाटलं ते खचतील. पण त्यांचा चेहरा उजळला. "म्हंजे फरक आला ना?"

"आला, पण..."

"मंग अकरा मिनिटं भरून काढाले अजून किती वर्षं गाडीत बसा लागन?"

आता इथं एखाद्या शहाण्या बाईनं गप्प बसायला हवं होतं. मी कागद ओढला, भागाकार केला आणि जोरात म्हणाले, "काका, हे सगळं विश्व जेव्हापासून आहे, तेव्हापासून जरी तुम्ही मालगाडीत बसला असता ना, तरी निम्मंसुद्धा झालं नसतं!" बरोबर उत्तर आल्याचा आनंद माझ्या आवाजात होता. तो आवाज आठवला की आजही माझी मलाच लाज वाटते.

डायऱ्या ट्रंकेत गेल्या, ट्रंक पलंगाखाली गेली. पुढे तीनच आठवड्यांवर दसरा होता. त्या दिवशी ते सकाळपासून धुतलेला सदरा घालून ओट्यावर बसले. गल्लीतली लहानथोर सगळी येऊन सोनं देऊन, पाया पडून जात होती. शेजारी एका पितळी ताटलीत आपट्याची पानं वेगळी ठेवलेली होती, ती त्यांनी कुणाला दिली नाहीत. माझी वेळ त्यांनी त्या दिवशी पुकारली नाही. संध्याकाळी काकूंनी ताटली उचलली आणि स्वयंपाकघरात येऊन मला म्हणाल्या, "मॅडम, तुमाले एक लहानसं खोटं नाही बोलता आलं? त्यायले हिसाब नाही पायजे होता. त्यायले जायाले निमित्त पायजे होतं."

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. नऊ वर्षं हा माणूस भावाच्या दारी जायची वाट शोधत होता, आणि ती वाट मी भागाकार करून बंद केली होती. मला रात्री जेवण गेलं नाही. पण खोटं कसं बोलायचं? आकडा तर तोच होता.

हिवाळा गेला, उन्हाळाही गेला. त्यांनी तो विषय काढला नाही. मग पोळ्याच्या आसपास, एका दुपारी, मी प्रात्यक्षिकाच्या वह्यांवर सह्या करत होते, तेव्हा ते समोर येऊन बसले.

"मॅडम, एक डाऊट आहे. मी त्या डब्यात बसून राहो. मी तं हलत नव्हतो. टेसन मांगं जाये, झाडं मांगं जाये, बोरगाव मांगं जाये. मले तं वाटे, मी बसलोच आहो अन् दुनिया चालली. मंग हळू कोनाचा टाइम चालला? माहा का त्याचा?"

मी म्हटलं, "तुमच्या बाजूनं पाहिलं तर त्याचा हळू."

"अन् त्याच्या बाजूनं?"

"तुमचा हळू."

"मंग लहान कोन?"

बारा वर्षं हे शिकवत होते, पण हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता आणि खरं सांगायचं तर मीही स्वतःला विचारला नव्हता. परीक्षेत येत नाही ना! मी पुस्तक काढलं, दुसरं काढलं. गाडी म्हणून पट्टी सरकवली, स्टेशन म्हणून खोडरबर ठेवलं, मग खोडरबर सरकवून पाहिलं. दोघंही लहान आणि दोघंही मोठे, असं उत्तर यायला लागलं. गार्डसाहेब शांतपणे माझ्याकडे पाहत होते. दोन तासांनी मला कपाळ दुखायला लागलं. तेव्हा मी म्हणाले, आणि हे मी हुशारीनं म्हणाले असं पुढे सगळे सांगत सुटले ते साफ खोटं आहे, मी निव्वळ वैतागून म्हणाले:

"काका, हे असं लांबून ठरतच नाही. जो वळून परत येतो तो लहान, एवढंच पुस्तकात आहे. आणि दोन्ही घड्याळं एका जागी आल्याशिवाय कुणाचं मागं आणि कुणाचं पुढं, हे कुणीच सांगू शकत नाही."

"कोनीच नाही?"

"देवसुद्धा नाही."

ते उठले. दारापर्यंत गेले आणि वळले. "मी तं वळलोच नाही अजून," ते म्हणाले.

दसऱ्याच्या दिवशी आम्ही तिघांनी सकाळची बस धरली. मला का नेलं, तर भावाला हिशोब समजावून सांगायला. काकू म्हणाल्या, "तुमीच गोंधळ घातला, तुमीच निस्तरा," आणि ताटलीवर रुमाल बांधून माझ्या मांडीवर दिली. गार्डसाहेब शेवटच्या सीटवर, मान मोडून मागच्या काचेतून पाहत. रस्त्यात दोनदा मला म्हणाले, "आता बी लहान होऊन राहिलो ना मी?" मी म्हटलं, "हो काका, थोडे थोडे." जामसांवलीच्या देवळाचा फाटा गेला तेव्हा त्यांनी हात जोडले, ते पुढे सोडलेच नाहीत. आपल्याला दारातून हाकललं तर काय, ही भीती त्यांना होती, आणि खरं तर मलाही होती.

बोरगावाच्या पुढे बगीच्यातच घर होतं. आंबिया बहाराची संत्री पिवळी व्हायला लागलेली. अंगणात रिकामे क्रेट रचत एक म्हातारा पाठमोरा उभा होता. तो वळला आणि मी दचकलेच. तोच चेहरा, तेच कान! फक्त हा उन्हानं पार करपलेला. आता खरंच, दोघांना शेजारी उभं केलं तर गार्डसाहेब चांगले आठ-दहा वर्षांनी लहान दिसत होते, आणि ते कोणत्या नियमानं, हे मला सांगता येईना.

गार्डसाहेबांनी ताटलीतली पानं उचलली, भावाच्या हातात ठेवली, आणि आम्हाला काही समजायच्या आत खाली वाकून त्याच्या पायांना हात लावला.

धाकटा साप पाहिल्यासारखा मागं उडाला. क्रेटांची रास धडाधड कोसळली.

"दादा! काय करून राहिला? मोठ्यानं पाया पडलं तं लहान्याचं आयुष्य कमी होते! मारतं का मले?"

दहा वर्षांनंतरचे हे पहिले शब्द. गार्डसाहेब पांढरेफटक पडले. हे आमच्या हिशोबात कुठेच नव्हतं. "नाही रे, नाही... मी लहान हो आता," ते चाचरत म्हणाले. "मॅडम, सांगा ना याले."

मी पुढे झाले आणि घाबरून चक्क हिंदीत सुरू झाले, "देखिए, जब कोई वस्तु गति में होती है..." मालगाडी, डायऱ्या, जुळे भाऊ, सगळं मी सांगितलं. धाकट्याची बायको दारात पदर सावरून ऐकत होती. धाकटा माझ्याकडे आणि भावाकडे आळीपाळीनं पाहत होता.

"मतलब, हा माह्याहून लहान झाला?" त्यानं विचारलं.

गार्डसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. एका सेकंदाचा दहा लाखावा भाग, त्याचा पाव. तो होता तर खरा. पण अकरा मिनिटंही होती.

"झाले," मी म्हणाले. मी खोटं बोलले की अर्धं खरं बोलले, हे मला तेव्हा समजलं नाही, आता तरी कुठे समजतंय!

धाकटा एकदम भडकला. हातातली पानं चुरगळली त्यानं.

"काऊन? काऊन लहान झाला? म्या म्हटलं होतं का तुले? अग्नी देल्ला म्हून मी मोठा नाही झालो, दादा! मडकं धरून चाललो होतो. दर पावलाले मांगं वळून पाहो, दादा आला का म्हून. लोकं म्हणे, चाल, दिवस बुडते. मी म्हणो, थांबा, येऊनच राहिला असन तो. अन् तू आला तं म्हणे, चोरलं!" त्याला धाप लागली. "बाप गेला, माय गेली. आता तू बी लहान झाला तं मले मोठं कोन राहिलं? सांग ना! कोन आहे मले मोठं?"

गार्डसाहेब पडलेल्या क्रेटांमधून वाट काढत त्याच्याजवळ गेले. धाकटा मान खाली घालून उभा होता, खांदे हलत होते. त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"मी आहो ना रे," ते म्हणाले.